घर सोडून सगळं दाखवलं

पालेर्मो
मंगळवार, १० ऑक्टोबर २०१७

ओलिवा,

तुझ्या मुलीचा फोन आला. आवाज ऐकून मला आधी वाटलं तूच आहेस, आणि मी फोन ठेवून दिला. तिनं पुन्हा केला. "निन्फामावशी, मी डेलिया. जेनोव्हाहून." या नात्यानं मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. म्हणून दुसऱ्यांदा फोन ठेवला नाही, एवढंच.

शनिवारी सकाळी जहाजानं इथे उतरणार, संध्याकाळच्या जहाजानं कामासाठी नेपल्सला जाणार. मधला दिवस रिकामा आहे. "आईचं गाव बघायचंय," म्हणते. आणि मग हलकेच, "आणि आईचं घर." सिस्टर बेनेदेत्ता गृहपाठ सांगून झाला की दारातून वळून म्हणायच्या ना, "आणि हो, उद्या परीक्षा," अगदी तसं.

त्रेचाळीस वर्षं तुम्हाला हे घर आठवलं नाही. आई गेली तेव्हा मी तार केली, तर तुझ्याकडून फुलं आली. चिठ्ठी नाही, नाव नाही. मग आताच घर का?

खालच्या मजल्यावर क्रोचेत्ता राहते. तुझ्या वेळी तिचे आईवडील होते. तिला मी फोनचं सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती, तोंडात चिमटे धरूनच तिनं विचारलं, "काम काय करते पोरगी?"

"मोजणीचं, म्हणाली."

चिमटे हातात आले. "कसली मोजणी?"

"ते नाही विचारलं."

"निन्फा, तू नन्सच्या शाळेत शिकलीस, तुला जग कळत नाही. चाळीस वर्षांनी रिकामी बॅग घेऊन जो नातेवाईक येतो ना, त्याच्या खिशात टेप असतो. खोल्या मोजेल, 'किती गोड घर' म्हणेल, नि महिन्याभरात वकिलाचं पत्र. लिहून ठेव."

लिहून ठेवते आहे. घर दोघींचं निम्मं निम्मं आहे, हे मी विसरलेली नाही. पण मी इथेच राहिले, लग्न केलं नाही, बाबांना आणि आईला इथूनच पोचवलं. साठाव्या वर्षी या स्वयंपाकघरातून उठून मी कुठे जाऊ?

संशय हे मनाचं पाप आहे, असं सिस्टर शिकवायच्या. सावधपणा मात्र सद्गुण. माझा सावधपणा आहे. मी तिला गाव दाखवीन, पोटभर खाऊ घालीन, तुझी मुलगी उपाशी गेली असं कुणी म्हणणार नाही. पण आपल्या गल्लीत तिला आणणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती तुला ठाऊक आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. असेल, तर ही मुलगी का येते आहे ते मला कळलं. नसेल, तर काही नाही.

निन्फा


पालेर्मो
रविवार, १५ ऑक्टोबर

ओलिवा,

मंगळवारचं पत्र टाकलं नव्हतं. कालचा दिवस झाला तसा लिहिते. जिथे मी वाईट दिसेन तिथे भराभर पुढे जाईन, समजून घे.

जहाजातून ती उतरली तेव्हा मी खांबाआड उभी होते. ओळखायला वेळ लागला नाही. चालणं तुझं आहे, डावा खांदा पुढे. कान सावेरियोचे. मासेवाल्याच्या मुलाचे ते कान आईला कधी आवडले नव्हते. मुलीला बरे दिसतात. खांद्याला एकच छोटी पिशवी. क्रोचेत्ताचे शब्द आठवले.

"मावशी, कॉफी झाली का तुझी?" हे तिचं पहिलं वाक्य. मला वाटलं, पढवून पाठवलंय.

कॉफीआधी तिला मिठाईचं दुकान हवं होतं. "रिकाम्या हातानं घरात शिरायचं नाही, आईनं दहादा बजावलंय. कान्नोलीच हव्यात, बारा."

दुकानदारानं विचारलं, "नळ्या आणि आतलं गोड रिकोटा चीज वेगवेगळं देऊ, की भरून?"

"भरूनच द्या. दहा मिनिटांत घरी पोचतोय आम्ही."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. भरलेली कान्नोली दोन तासांत मऊ पडते हे या गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी वरच्या पंख्याकडे बघत राहिले. त्यानं बारा भरल्या, पुठ्ठ्याच्या थाळीत मांडल्या, सोनेरी कागदात बांधून वर दोरीचा फास करून दिला. डेलियानं तो फास बोटात अडकवला.

"चल, घरी?"

"आधी काहीतरी थंड घेऊ," मी म्हटलं.

बदामाची बर्फाळ ग्रानिता आणि सोबत ब्रिओशचा गोड पाव. ऑक्टोबर असून ऊन कसं होतं म्हणून सांगू. तिनं ब्रिओशची टोपी उपटली, बर्फात बुडवली आणि आधी ती खाल्ली. जेनोव्हात वाढलेली मुलगी. हे तिला कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही.

मग चार कोपऱ्यांचा चौक. वरच्या चार संत स्त्रियांच्या पुतळ्यांकडे मान वर करून तिनं आपल्या दोघींची नावं ज्यांच्यावरून ठेवली त्या दोघींना शोधून काढलं. "ही तू, ही आई. शेजारच्याच कोपऱ्यांवर आहात की." फोटो काढला. "आई सांगते, तुझा पुतळा जास्त छान की तिचा, म्हणून तू लहानपणी रडायचीस."

"आणखी काय काय सांगते?" मी विचारलं.

"पुष्कळ. पण तुझं नाव आलं की एका जागी थांबते."

कुठल्या जागी, हे मला विचारता आलं नाही. मी तिला कॅथेड्रलमध्ये नेलं. तिथे बोलता येत नाही.

बाकावर बसल्यावर तिला घाम पुसायचा होता. पिशवीत हात घालून रुमाल ओढला, आणि त्याबरोबर एक पिवळा टेप खाली पडला, फरशीवर घरंगळत थेट माझ्या बुटापाशी आला. मी तो उचलून तिच्या हातात दिला. "कामाचा," ती कुजबुजली. मी क्रूसाची खूण केली. तिला वाटलं असेल, माझी भक्ती.

तिथून आम्ही बालारोच्या बाजारात गेलो. तिल्लीचा पाव खायचा तिचा हट्ट. गाडीवाल्यानं झारा आपटत विचारलं, "कुमारिका की सौभाग्यवती?"

तुझी लेक गोंधळली नाही. "मला सौभाग्यवती, चीज भरपूर. मावशीचं मावशीला विचारा."

"कुमारिका," मी म्हटलं. "नुसतं लिंबू."

"बाईसाहेब, या वयात तरी थोडं चीज पडू द्या," गाडीवाला म्हणाला, आणि रांगेतले सगळे हसले. डेलियाही हसली. मीही हसले असते, पण तिच्या बोटात तो सोनेरी पुडा लटकत होता आणि कागदाच्या तळाला ओला डाग आला होता.

"आता घरी जाऊ या का? हे फ्रिजमध्ये तरी ठेवू."

"पानेल्ले खाल्ल्याशिवाय बाजारातून जातात का?"

हरभऱ्याच्या पिठाचे तळलेले पानेल्ले खाल्ले. नंतर कांदा-टोमॅटोचा जाडजूड स्फिंचोने पाव खाल्ला. तिची आता खायची ताकद संपत आली होती, पण ती नाही म्हणेना. तुझ्यासारखीच. नको असलेलं ताट रिकामं करायचं आणि मग तीन दिवस बोलायचं नाही.

बाजाराच्या तोंडाशी भिंतीवर मृत्यूचे कागद चिकटवलेले असतात. एक ताजा होता, कुणी शिंपी. 'शोकाकुल' म्हणून खाली पत्नी, मुलं, सुना, सगळ्यांची नावं. ती तिथे थांबली. वाचत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजोबा गेले तेव्हाही असा कागद लागला असेल ना? कुणाकुणाची नावं होती त्यावर?"

वारस. वारस कोण कोण लावले होते, ते काढते आहे. वकील हेच आधी विचारतात.

"एकोणनव्वद सालची गोष्ट. मला नाही आठवत," मी म्हटलं.

"कागद ठेवला असशील ना घरी?"

"असले कागद कोण ठेवतं?"

ठेवला आहे, ओलिवा. प्रार्थनेच्या पुस्तकात, घडी घालून.

जेवायला तारल्यांचा पास्ता मागवला, रानबडीशेप घातलेला. मी मुद्दाम खूप बोलत होते, मध्ये फट राहू नये म्हणून. कोणता राजवाडा कुणी बांधला, कोणतं दार कधी बंद झालं. ती काट्याला पास्ता गुंडाळत ऐकत होती. मधेच म्हणाली, "बाबांना हा पास्ता तुमच्याकडच्यासारखा जमायचा. फेब्रुवारीत गेले ते."

मी काटा खाली ठेवला. सावेरियो. बर्फाच्या पाट्या डोक्यावर घेऊन शीळ घालत जायचा.

"मला कळवलं नाहीत."

"मी म्हटलं होतं आईला. ती म्हणाली, कळवून काय होणार, तिकडून काही थाळी यायची नाही."

थाळी म्हणाली ती. तिनं वर पाहिलं नाही, पण मला वाटलं, ती माझ्या हातांकडे बघते आहे. मी विचारायला हवं होतं, कसली थाळी? कुणीही निरपराध बाई विचारते. मी वेटरला म्हटलं, "जरा पाणी आणा."

तीन वाजता मी तिला कापुचिन मठाच्या तळघरात नेलं. एवढ्या खाण्यावर तिथे नेणं बरं नव्हे, पण तेच एक ठिकाण उरलं होतं जिथे तासभर जातो. भिंतींना टांगलेली, वाळलेली मेलेली माणसं, आपापल्या कोटांत, मोज्यांत. वकील वकिलांच्या ओळीत, कुमारिका कुमारिकांच्या. डेलिया निम्म्यापर्यंत आली आणि थांबली. पुडा आता तिनं दोन्ही हातांवर तोलून धरला होता, दोरी चिकट झाली होती.

"मावशी, एक विचारू? सकाळपासून तू मला चार चर्च, एक बाजार आणि हजारो मेलेली माणसं दाखवलीस. एक घर दाखवत नाहीस."

"घरात रंगकाम चाललंय."

"सकाळी म्हणालीस नळ फुटलाय."

"नळ फुटला म्हणूनच रंगकाम."

एक जपानी जोडपं आमच्याकडे बघत होतं. डेलिया वळली आणि जिना चढून वर गेली. त्यानंतर तिनं 'आता घरी' असं एकदाही म्हटलं नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

संध्याकाळ आम्ही समुद्राकाठी काढली. ती बाकावर बसली; मी उभीच राहिले. त्या बाकांवर मी बसत नाही. सात वाजता धक्क्यावर जहाजाची शिडी लागली. मी म्हटलं, "आईला नमस्कार सांग." ती म्हणाली, "मावशी, जरा थांब."

पुढचं तिच्याच शब्दांत लिहिते.

"आई म्हणते, तिच्या वेळी अर्ध्या गल्लीची लग्नं अशीच झाली होती. मुलगी पळून जायची, दोघं दोनतीन दिवस कुणा आत्याकडे दडायची, मग मुलीच्या घरून मिठाईची थाळी यायची. थाळी आली की राग गेला, परत या, लग्न लावतो. आजीसुद्धा तशीच पळाली होती. आई-बाबा बागेरियाला बाबांच्या आत्याच्या माजघरात बसून राहिले. थाळी आली नाही. बोलावल्याशिवाय जायचं नाही म्हणून आई गेली नाही, आणि विचारायचं तर मुळीच नाही. बाबा गेल्यावर ती म्हणाली, आता आधी कुणी पाठवायची हा मान सांभाळून करू काय? माझ्याकडूनच जाऊ दे. म्हणून ही." तिनं पुडा पुढे केला. "घरात नेऊन टेबलावर ठेव, म्हणाली. आणि आत घेतात का, एवढंच बघून ये. तू नाहीच नेलंस, मग इथेच घे."

माझ्या तोंडून काय निघालं असेल? "आणि घराचा वाटा?"

"कसला वाटा?"

"तू मोजायला आली होतीस ना घर."

ती हसायला लागली, मग माझं तोंड बघून थांबली. "मावशी, मी रेल्वेचे रूळ मोजते." भोंगा झाला. तिनं माझ्या दोन्ही गालांवर ओठ टेकले आणि ती शिडी चढून गेली.

पुडा घेऊन मी घरी आले. दारात क्रोचेत्ता उभी होती. "काय, मोजलं का?" मी तशीच वर गेले. टेबलावर कागद सोडला. नळ्या लिबलिबीत झाल्या होत्या, रिकोटा आंबला होता. तरी एक खाल्ली. त्रेचाळीस वर्षांनी. सकाळपासून पोट बिघडलं आहे, ते योग्यच आहे.

निन्फा


पालेर्मो
बुधवार, १८ ऑक्टोबर

ओलिवा,

रविवारचंही पत्र टाकलं नाही. तीन दिवस संशयच घेते आहे. 'आत घेतात का बघ' असं म्हणून तू मुलीला खरं काय शोधायला पाठवलंस? तुला सगळं ठाऊक असून तू मला संधी देत होतीस का? की तुला काहीच ठाऊक नाही, आणि तू खरोखरच इतकी चांगली आहेस? दुसरं जास्त भीतिदायक आहे.

थाळी निघाली होती.

शुक्रवार होता, मे महिना. आईनं पहाटे उठून बारा कान्नोली केल्या. निळ्या काठाच्या, लग्नातल्या थाळीत मांडल्या, वर इस्त्रीचा रुमाल. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे होते. दोन दिवस ते बोलले नव्हते. पाठमोरेच म्हणाले, "जड होईल तिला. बसनं जाऊ दे." एवढंच. पण तो बाबांचा होकार होता, आणि तो माझ्या हातात दिला होता.

मी शाळेच्या गणवेशात निघाले. समुद्राच्या बाजूनं, बसथांब्याकडे. वाटेत बाक लागला. मी सतरा वर्षांची होते, ओलिवा. आपण दोघी एका पलंगावर झोपत होतो आणि तू मला न सांगता गेलीस. चप्पल हातात घेऊन गेली असशील, मला जाग येऊ नये म्हणून. सकाळी तुझी उशी गार होती, आणि ते सगळ्यांआधी मला कळलं. आता तीनच दिवसांत थाळी, लग्न, पांढरा झगा. सिस्टर म्हणायच्या, आधी प्रायश्चित्त, मग क्षमा. मला वाटलं, रविवारपर्यंत थांबू दे हिला. दोनच दिवस. तोपर्यंत थाळीचं काय करायचं, म्हणून रुमाल उचलला. पाच खाल्ल्या. पाचवीपर्यंत मी रडत होते, पण खात होते. उरलेल्या सात मी एका टांगेवाल्याला दिल्या, थाळीसकट. थाळी घरी नेली असती तर पकडले गेले असते.

घरी सांगितलं, दिली. आईनं विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, काही नाही.

रविवारी पहाटेच्या बसनं मी बागेरियाला पोचले. शपथेवर सांगते. रिकाम्या हातानं, पण पोचले. आत्या अंगण झाडत होती. म्हणाली, काल रात्रीच्या गाडीनं गेली दोघं, जेनोव्हाला, त्याच्या चुलतभावाकडे. मी परत आले आणि तेव्हाही बोलले नाही. मग रोज न बोलणं सोपं होत गेलं.

बाबा म्हणाले होते, "थाळी ठेवून घेतली आणि आली नाही?" याहून मोठा अपमान त्यांना ठाऊक नव्हता. त्यांनी तुझं नाव काढणं बंद केलं ते तू पळालीस म्हणून नव्हे. आईनं तर निदान थाळी तरी परत येईल म्हणून वाट पाहिली. मरेपर्यंत तिनं दोनदा विचारलं, "निळ्या काठाची होती ना गं ती?"

डेलियानं विचारलेल्या कागदाचं. मला आता कळतं, ते तिचं विचारणं नव्हतं, तुझं होतं. बाबा गेले तेव्हा छापखान्यात आई स्वतः गेली. दोन्ही मुलींची नावं घातली, तुझं आधी, थोरलीचं म्हणून. छापणाऱ्यानं विचारलं, ती इथे असते का? आई म्हणाली, "मुलगी आहे, छाप." सबंध आठवडा तुझं नाव आपल्या गल्लीच्या भिंतीवर होतं, माझ्या नावाच्या वर. तो कागद सोबत ठेवते आहे.

घर निम्मं तुझं आहे. तुझ्या बाजूला मी जुनी मासिकं आणि शिलाईचं यंत्र ठेवलं आहे, ते दोन दिवसांत हलेल. तू आलीस तर बाजूला बसून मला शिव्या दे, किंवा काहीच बोलू नको. तुला ते जमतं. नाही आलीस तरी मी समजेन. खरं म्हणजे समजणार नाही, पण तुला दोष देणार नाही.

पहिली दोन पत्रं फाडून हे एकटंच पाठवावं असं फार वाटलं. त्यात मी तुझ्या मुलीला चोर ठरवलंय, नळ आणि रंगकाम आहे. पण तुझ्याकडे निघालेल्या गोष्टीतलं मधलं काढून घेण्याची मला सवय आहे, म्हणून तिन्ही एकाच पाकिटात घालते आहे. रजिस्टर करीन.

क्रोचेत्ताला सगळं सांगितलं. तिनं हातातले चिमटे खाली ठेवले. मग म्हणाली, "पाच खाल्ल्यास? एकटीनं?" आणि चपला घालायला उठली. पोस्टापर्यंत ती माझ्याबरोबर येते आहे. मीच म्हटलं, चल. वाटेत बाक पुष्कळ आहेत.

तुझी
निन्फा